प्रार्थनेतलं नाव

भालकीजवळच्या एका मिशनच्या दवाखान्यात कुष्ठरोग्यांसाठी चपला तयार व्हायच्या. बधिर पायाला खिळा टोचला तरी कळत नाही, म्हणून मऊ रबर, डिंक आणि शिवण, एवढ्यावरच काम. खिळ्याला तिथं बंदी. हा नियम तिथं चपला शिवणाऱ्या मंगलला देवदान मेस्त्रींनीच शिकवला होता.

देवदानअण्णा रोग्याच्या पायाचं माप गुडघ्यावर बसून घ्यायचे आणि चहा सगळ्यांच्या शेवटी प्यायचे. मंगल नवीन असताना तिनं रबराचा अख्खा तक्ता चुकीचा कापला, तेव्हा डॉक्टरांपुढं ते म्हणाले, "तक्ता मी कापलो, साहेब." मागाहून तिला सांगितलं, "वरचा माणूस त्योच, जो खालच्याचं ओझं उचलतो. प्रभू येशूनं तेच केलं." मंगल बौद्ध घरातली. तरी त्यानंतर सोमवारच्या प्रार्थनेत तिचं 'आमेन' सगळ्यांत मोठं असायचं. तिचा विश्वास अण्णांवर होता, अकरा वर्षं.

२००३ साली परदेशी पाहुणे येणार ठरलं आणि चार दिवसांत साठ जोड हवे झाले. डिंक वाळेना. अण्णाच म्हणाले, "पट्ट्याला एकेक बारीक खिळा मार, मंगल. पाव्हणे गेले की काढू." तिनं मारले. अण्णांच्या शब्दावर विचारायचं काय?

पाहुण्यांच्या हस्ते चपला वाटल्या, फोटो निघाले, खिळे मात्र तसेच राहिले. महिन्याभरात त्यातलाच एक जोड घालणाऱ्या शिवगंगाअक्काचा पाय चिघळला.

सोमवारी प्रार्थनेला डॉक्टरांनी तिची चप्पल सगळ्यांपुढं धरली. "खिळा कुणी मारला?"

मंगल अण्णांकडं बघत राहिली. आता उठतील, मग उठतील. उठले खरे. हात जोडून, डोळे मिटून म्हणाले, "हे प्रभू, आमच्या मंगल बहिणीला क्षमा कर. घाईत तिच्याकडून चुकलं."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. शिवी असती तर तिनं परत हाणली असती, पण प्रार्थनेला उलट काय बोलणार? त्याच दिवशी तिच्या हातातली चपला शिवायची आरी गेली आणि वॉर्डातला झाडू आला.

शुक्रवारी ती नळावर बादली भरत होती, तिथं अण्णा आले. "नोकरीची दोनच वर्षं राहिलीत माझी. माफ कर, पोरी."

"नाव घेतलात सगळ्यांपुढं, अण्णा. मग माफी नळापाशी कामून?"

अण्णांनी भरलेली बादली नळाखालून बाजूला सरकवली. "सोमवारी सांगतो."

वेडी बाई, पुन्हा वाट बघत बसली. सोमवारी अण्णांनी बायबल उघडलं, डॉक्टरांच्या तब्येतीसाठी प्रार्थना केली, परदेशातल्या पाहुण्यांच्या सुखासाठी केली आणि थांबले. सगळे 'आमेन' म्हणाले. मंगलनं तोंड उघडलं नाही. अण्णांनी डोळे उघडून तिच्याकडं पाहिलं आणि पुस्तक मिटलं.

ती झाडू घेऊन वॉर्डात गेली. शिवगंगाअक्का खाटेवर पट्टी बांधलेला पाय पसरून बसली होती.

"तू कामून रडायलीस, बाई? मला तर खिळा टोचलेला कळला बी न्हाई."

"मला कळला, अक्का," मंगल म्हणाली आणि खाटेखालचा केर काढायला वाकली.