माझ्यावर पाणी शिंपडू नका!

मी एक जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आहे आणि आज माझं डोकं भलतंच तापलंय. तसं ते रोजच तापतं म्हणा. माझ्या माथ्यावर काचेच्या दोन नळ्या आहेत, त्यांनाच व्हॉल्व्ह म्हणतात. त्या तापून लालसर झाल्याशिवाय माझ्यातून आवाज निघत नाही. पण आजचा ताप रागाचा आहे, मित्रांनो, आणि तो बोलून दाखवल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

बेळगावच्या खडेबाजारात भरमूअण्णांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मोडीत आलेल्या रेडिओंचे सुटे भाग जमवून त्यांनी मला बनवलं आणि बेळगुंदीला जयाबाईंच्या घरी पोचवलं. जयाबाईंनी गौरीपुढं गाणं धरलं की अर्धी गल्ली दारात येऊन बसायची. अण्णांनी एकदा ती गाणी टेप करून घेतली. एकच कॅसेट. बरं केलं, कारण पुढं घशाच्या ऑपरेशनमध्ये जयाबाईंचा आवाज गेला, तो कायमचाच.

मग त्यांचा मुलगा विक्रम कारखान्यात लागला आणि काळा, चकचकीत ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर घेऊन आला. मला टाकलं माळ्यावर, कांद्यांशेजारी. सात वर्षं! कुणी साधी फुंकर मारून धूळ काढली नाही. पण मग एक दिवस नव्यावर ती कॅसेट लावली, तर आवाज आला पत्र्यावर खिळा ओढावा तसा. जयाबाईंनी कानांवर हात ठेवले आणि मान हलवली. हा आवाज माझा नव्हे, असं त्यांना म्हणायचं होतं.

अण्णांना बोलावणं गेलं. त्यांनी मला खाली काढलं, पुसलं आणि विक्रमला झापलं. "दोघांना एकमेकांच्या सवती कशाला केलंस रं? ह्येला पुढं जोड, त्येला मागं. आवाज गोड करायचं काम ह्येचं, ढकलायचं काम त्येचं."

खरं सांगतो, तो काळा ठोकळा मला बघवत नव्हता. पण मोठे स्पीकर हलवायची ताकद माझ्यात नाही, हेही खरं. कॅसेटमधला बारीकसा आवाज आधी मी घेतला, गोड केला, आणि त्यानं तो घरभर पोचवला. जयाबाई रडल्या. तेव्हापासून रोज दिवेलागणीला त्या स्वतःचा आवाज ऐकत बसतात. गाण्याबरोबर त्यांचे ओठही हलतात.

आता गेल्या वर्षीची खंडेनवमी ऐका. त्या दिवशी घरातल्या साऱ्या अवजारांची पूजा होते. विक्रमनं ट्रॅक्टर धुतला, कोयते धुतले आणि मग वळला आमच्याकडे. व्हॉल्व्हचा लाल उजेड दिसावा म्हणून त्यानं माझी जाळी काढली, गाणं लावलं, हळदकुंकू वाहिलं आणि आंब्याच्या पानानं तांब्यातलं पाणी माझ्यावर शिंपडलं. तापलेल्या काचेवर! टक्कन नळी तडकली आणि जयाबाईंचं गाणं मधेच तुटलं.

"कारखान्यात आमी लेथ मशीनवर तांब्याभर पाणी वततो, आई. कवा काय झालं न्हाय!"

अरे बाबा, लेथ लोखंडाचा, मी काचेचा!

अण्णा धावत आले. "तापल्या कंदिलाच्या काचंवर पाणी पडलं की काय हुतंय, ठावं न्हाय व्हय रं तुला?" असली नळी आता बाजारात कुठंच मिळत नव्हती. शेवटी त्यांनी स्वतःच्या घरच्या रेडिओतली काढून मला बसवली. "माझा रेडिओ मुका झाला," म्हणाले. "ही शेवटची. आता मागू नगंस."

एवढं होऊन माणूस शहाणा व्हावा की नाही? आज पुन्हा खंडेनवमी. वर्षभर माझ्यावर धूळ साचलेली, तिच्याकडे ढुंकून बघितलं नाही. गाणं मात्र लावलं, जाळी काढली, आणि तोच तांब्या घेऊन स्वारी हजर!

"थोडंच शिंपडतो, आई. शास्त्रापुरतं."

जयाबाई माझ्यापुढं आडव्या आल्या. तोंड उघडलं, पण नुसता वारा बाहेर आला. आणि विक्रमला वाटलं काय, तर आईला आधी कुंकू लावायचंय! त्यानं करंडा पुढं केला. ते बघून जयाबाईंनी त्याच्या हातातला तांब्या हिसकावला आणि त्याच्याच डोक्यावर उपडा केला. मग मला बंद केलं, गार होईपर्यंत शेजारी बसून राहिल्या आणि कोरड्या पदरानं माझी धूळ पुसली. विक्रम ओल्या सदऱ्यानं उभा होता. म्हणाला, "चुकलो, आई."

मित्रांनो, यंत्राला देव मानता, माना. पण आधी बंद करा, गार होऊ द्या, कोरड्या फडक्यानं पुसा, आणि हे वर्षभर करा. "माझा आवाज वाचवा" असं सांगायला जयाबाईंकडे आवाज उरलेला नाही. माझ्याकडे आहे, म्हणून मी ओरडतोय.