एलोफने विझवलेला लाल दिवा

शनिवारी सकाळी एलोफच्या कोठाराबाहेर अकरा गाड्या उभ्या होत्या आणि प्रत्येक मालकाच्या हातात नंबराची चिठ्ठी होती. आमच्या स्वीडनमधल्या हेल्सिंगलंडमध्ये आकाशातून देवदूत उतरला तरी लोक आधी नंबर घेतील. रांगेत कुणी कुणाला प्रश्न विचारत नाही, ते बरं दिसत नाही म्हणे.

एलोफ पूर्वी घोड्यांना मंत्र घालायचा. घोडे संपले, तसा गाड्यांकडे वळला. जुनिपरच्या काटेरी झुडपाच्या फांद्यांचा धूर करायचा, गाडीत एकटा बसायचा आणि काचांवर घोंगडी ओढायचा. "लोखंडाला नजर सोसत नाही," हे वर. बाहेर मंडळी कॉफी पीत, वेलदोड्याचे बन खात उभी. दहा मिनिटांनी घोंगडी दूर, आणि धोक्याचा लाल दिवा गायब. "लोखंड रडत होतं, मी त्याला जोजवलं," असं तो डोळे मिटून सांगायचा, आणि चांगली शिकलीसवरलेली माणसं माना डोलवायची. मला शिसारी यायची.

मी सिव. मुलांना गाड्यांचं वायरिंग शिकवते. त्या दिवशी शेजारची मालिन मला ओढून घेऊन आली होती. तिच्या गाडीतला एअरबॅगचा दिवा एलोफने महिन्यापूर्वी घालवला होता, त्याचे आभार मानायला ती बन घेऊन आली होती. तिची बारा वर्षांची मुलगी तुवा पुढे आईशेजारी, उजव्या सीटवर बसून रोज चाळीस किलोमीटरवर शाळेला जाते; आमच्याकडे स्टिअरिंग डावीकडे असतं. रस्ता लाकडाच्या ट्रकांचा.

"त्याने दुरुस्त काय केलं?" मी विचारलं.

"अगं, काही उघडलंसुद्धा नाही. तीच तर कमाल."

"मग बरी कशी झाली?"

"तुझं नेहमीचंच, सिव. वार्षिक तपासणीत पास झालीये गाडी. तेही खोटं?"

इथेच आमचं घोडं पेंड खातं. शिक्का बसला की आमचं डोकं झोपायला मोकळं. तपासणारा फक्त दिवा बघतो. चावी फिरवल्यावर लागला आणि नंतर विझला, की पास. सीटखाली कोण वाकून बघतो?

मी पिशवीतून माझा लॅपटॉप काढला, मालिनच्या गाडीत स्टिअरिंगखालच्या खोबणीत केबल लावली आणि पडदा तिच्यापुढे धरला. "वाच."

"उजव्या सीटची एअरबॅग... बसवलेली नाही?" ती गोंधळली. "आहे की. सीटवर लिहिलंय."

"एलोफने गाडीच्या कॉम्प्युटरला सांगून ठेवलंय, नाही म्हणून. जी नाहीच, तिची तक्रार गाडी कशाला करेल?"

मी सीटखाली हात घातला. पिवळा प्लग सुटून लोंबत होता. "हा बिघाड. अजून तसाच आहे. त्या बाजूने ट्रक धडकला असता तर एअरबॅग उघडलीच नसती."

मालिन पांढरीफटक पडली.

एलोफ धूर झटकत आला. "केबलने लोखंडाचा आत्मा दिसत नाही, बाई."

"मग तुझ्या घोंगडीखाली काय दिसतं ते बघू." कोठारातल्या गाडीवरची घोंगडी मी ओढली. आत लॅपटॉप उघडा होता आणि खोबणीत केबल. माझ्यासारखीच.

एलोफने खांदे उडवले. "यांनी दिवा घालवायला सांगितला, मी घालवला. गाडी बरी कर असं कोण म्हणालं होतं?"

सात नंबरवाला यस्टा हळूच पुढे आला. "ते ठीक आहे, पण माझा घालवशील ना? सोमवारी तपासणी आहे."

भोंदूपेक्षा मला याचीच जास्त किळस आली.

मालिनने मात्र लॅपटॉप मांडीवर घेतला. "दाखव मला." मी सांगत गेले, तिने स्वतःच्या हाताने लिहिलं: बसवलेली आहे. लाल दिवा लगेच पेटला. मग आम्ही बॅटरी सोडली, थोडं थांबलो, प्लग खट्कन बसेपर्यंत दाबला, बॅटरी जोडली, जुनी नोंद पुसली. दिवा विझला. यात मंत्र कुठलाच नव्हता. अर्ध्या तासाचं काम, आणि ते कुणालाही शिकता येतं.

लाल दिवा हा आजार नसतो, ती हाक असते. न उघडता बरं केलं असं कुणी म्हणालं, तर नक्की काय केलंस ते दाखव, असं त्याला तोंडावर विचारा. मालिनने विचारलं नव्हतं, आणि महिनाभर तुवा रोज त्याच सीटवर बसून शाळेला गेली.