णमोकार झाल्यावर चावी

कल्लाप्पांनी पुन्हा चावी फिरवली. स्टार्टर घरघरला, पण इंजिन काही पेटलं नाही.

"बस कर की आता. बॅटरी उतरंल," त्यांचे जुने मित्र हंबीरराव म्हणाले.

"उतरत न्हाय. कालच चार्ज करून आणलीया."

कळंब्यातल्या घराशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये फियाट उभी होती. कल्लाप्पांची बायको त्रिशलाबाई गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. आज मात्र ती चालू व्हायलाच पाहिजे होती. त्यांच्या मुलीला, आदितीला झालेल्या लेकीला सव्वा महिना झाला होता आणि तिला पहिल्यांदा शुक्रवार पेठेतल्या जैन बस्तीत देवदर्शनाला न्यायचं होतं. या घरातलं प्रत्येक मूल पहिल्या दर्शनाला याच गाडीतून गेलेलं. आदितीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हाच त्रिशलाबाई बोलून गेल्या होत्या, की नातसुद्धा फियाटमधनंच जाणार. पुढच्याच महिन्यात त्या गेल्या. जावई अनेकांत आपली नवी गाडी दारात लावून केव्हाचे थांबले होते, पण कल्लाप्पा ऐकायला तयार नव्हते. बायकोनं सांगितलेलं एवढं एकच काम हातात उरलं होतं. ते आपल्या हातानं गाडी चालवून पुरं करायचं होतं.

गाडीची त्यांना खडान्खडा माहिती होती. साखर कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढलेला माणूस. जुनं पेट्रोल काढून त्यांनी नवं भरलं होतं, कार्ब्युरेटर उघडून धुतला होता. प्लग काढून बॉडीला टेकवून बघितला, तर ठिणगीच पडेना. पॉइंट पॉलिश पेपरनं घासले, कंडेन्सर बदलला. तरी ठिणगी नाही.

हंबीरराव पाना मागितला की पाना देत होते. एरवी हा माणूस बॉनेट उघडायच्या आधीच दहा सल्ले द्यायचा. उभं आयुष्य गॅरेज चालवलेलं, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. आज त्यांच्या तोंडाला कुलूप होतं.

आदिती दारात आली. बाळाला नवं झबलं घातलं होतं.

"आप्पा, अव्वाचा णमोकार म्हटलासा का? त्याशिवाय कुठं निघायची ही?"

"तीन डाव म्हटला. तुझ्या आईचा आवाज वळखती ही, माझा न्हाय."

आदिती हसली आणि लगेच डोळे पुसत आत गेली. त्रिशलाबाईंचा तसा नेमच होता. त्या डाव्या सीटवर बसायच्या, पदर सावरायच्या, वाकून पायाशी पिशवी ठेवायच्या आणि णमोकार मंत्र म्हणायच्या. तो झाल्यावरच कल्लाप्पांनी चावी फिरवायची. जायच्या आधीची दोन वर्षं एकदाही त्यांनी हा नेम मोडू दिला नव्हता, आणि त्यांच्याशिवाय गाडी शेडबाहेर पडली नव्हती.

कल्लाप्पांनी टेस्टचा बल्ब घेऊन ठिणगीला करंट पुरवणाऱ्या कॉइलला लावला. बल्ब पेटला नाही.

"हे बघ. कॉइलला करंटच येत न्हाय. वायर कुठंतरी तुटलीया."

"मग राहू दे आज. जावयाच्या गाडीनं जाऊया."

"का म्हणून? बॅटरीवरनं सरळ कॉइलला तार टाकतो. बस्तीपर्यंत जाऊन याला काय हुतंय? वायर मागनं शोधू."

त्यांनी तार सोलली. एक टोक बॅटरीला लावलं आणि दुसरं कॉइलकडं नेलं. तेवढ्यात हंबीररावांनी त्यांचं मनगट धरलं.

"लावू नको, कल्लाप्पा."

"अरं सोड. झटका बसतोय व्हय मला?"

"गाडीला काय झालेलं न्हाय." हंबीररावांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "डाव्या सीटखाली करंट तोडायचं बटण हाय. चोरी हू नये म्हणून बसवत्यात तसलं. मीच बसवलंय. वहिनींनी सांगितलं म्हणून."

 डावं दार उघडून कल्लाप्पा गुडघ्यावर बसले आणि सीटखाली हात घातला. बोटाला बटण लागलं. दाबल्यावर टक् असा आवाज झाला. उठून ते स्टेअरिंगपाशी बसले, चावी फिरवली आणि पहिल्याच फटक्याला इंजिन पेटलं.

घरात आदितीनं टाळी वाजवली. कल्लाप्पांचे हात स्टेअरिंगवर तसेच राहिले. दोन वर्षं आपल्या शेजारी बसून ही बाई वाकत होती, बटण दाबत होती, आणि आपण पिशवी ठेवते म्हणून समजत होतो.

"माझ्याच गाडीत? माझ्यापासनं लपवून?" ते ओरडले. "कशापायी?"

"तू एकट्यानं गाडी काढू नयेस म्हणून. कागलच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागं काय झालतं, आठीवतंय?"

"कुत्रं आडवं आलतं. हिनं स्टेअरिंग वढलं. मी शिव्या घातल्या हिला."

"कुत्रं न्हवतं, गड्या."

कल्लाप्पांच्या कानात इंजिनाचाच आवाज भरून राहिला.

"चतुर्दशीचा उपास हुता तुझा, वर साखर कमी करायची गोळी घेतल्याली. डोळं उघडं हुतं म्हणं तुझं, पण तू न्हवतास. हाका मारल्या, तुला पत्त्याच न्हाय. ट्रॉली चार हातांवर आल्यावर त्यांनी स्टेअरिंग वढलं. डॉक्टरकडं चला म्हणून महिनाभर मागं लागल्या. तू काय म्हणालास?"

काय म्हणालो ते कल्लाप्पांना आठवत होतं. मला काय धाड भरलीय, असं म्हणाले होते.

"चावी काढून घेतली तर हा माणूस खचंल, म्हणाल्या. म्हणून बटण. शेजारी बसून तुला बोलतं ठेवायच्या. उत्तर आलं न्हाय तर बटण बंद करायचं, असं ठरीवलं हुतं. आज बी दर्शनाआधी तू काय खाल्लं नसशील. आणि त्या गाडीत बाळ बसणार. मी कसं गप बसू?"

कल्लाप्पांना त्या दोन वर्षांतला एकेक प्रवास आठवला. बाई बडबड लई करती, असं ते चारचौघांत म्हणायचे. वांग्याचा भाव काय, कालच्या आमटीत मीठ जास्त झालं काय, पुढच्या गाडीचा नंबर काय. कधी गप्प बसून राहिले तर ती चिमटाही काढायची.

आदिती बाळाला घेऊन बाहेर आली. "चला आप्पा! झाली की चालू!"

कल्लाप्पांनी इंजिन बंद केलं. ते खाली उतरले.

"आप्पा? तोंड का असं झालंय?"

"कागलच्या रस्त्यावर माझी शुद्ध गेलती," ते म्हणाले. "उपाशीपोटी गोळी घेऊन गाडी चालवताना. तुझ्या आईनं वाचीवलं. मला ठावंच न्हवतं. मला आत्ता कळतंय."

आदितीनं बाळाला छातीशी घट्ट धरलं. हंबीररावांकडं बघितलं, मग वडिलांकडं. ती आत गेली आणि चपातीवर गूळ ठेवून बाहेर आली.

"खावा."

"अगं, दर्शनाआधी..."

"आप्पा, खावा म्हटलं न्हवं!"

जन्मात कधी देवदर्शनाआधी त्यांनी घास घेतला नव्हता. त्यांनी चपातीची सुरळी केली आणि शेडच्या खांबाला टेकून खाल्ली. हंबीररावांनी पाणी दिलं.

"आता तू चालव," कल्लाप्पांनी त्यांच्याकडं चावी टाकली. "आणि हळू. माझी नात हाय गाडीत."

मागच्या सीटवर बसून त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं. आदितीनं खालून आपला हात लावला.