एकाच टायरवर दोन शर्यती

त्या वर्षी कोंडीबाचे हात झोपेतसुद्धा स्टिअरिंग फिरवत. कोळवणच्या वाल्मीकरावांच्या जीपवर तो ड्रायव्हर होता. भाताची पोती पुण्याला, पाहुणे पौडला, आजारी माणूस दवाखान्यात. जीपला थारा नव्हता, तसा त्यालाही नव्हता. चैत्रात आमच्या वाडीवर हरिनाम सप्ता बसायचा. बुवांनी अभंग म्हणून निरूपणाला हात घातला की मांडवाबाहेरून हाक यायची, "कोंडीबा, मालकांनी बोलावलंय." असा दरवर्षी अभंग त्याच्या वाट्याला यायचा आणि अर्थ दुसऱ्यांच्या.

त्याच वर्षी, म्हणजे एकोणीसशे साठच्या पुढंमागं, सप्त्याच्या तोंडावर पुण्याच्या मोटारवाल्यांनी कोळवणच्या माळावर जीपच्या शर्यती ठेवल्या. सकाळी मुरमाच्या गोल वाटेवर नुसता वेग. दुपारी ओढ्याकाठच्या ओलसर खाचरात पिंपं मांडलेली, त्यांना न शिवता नागमोडी जायचं. वाल्मीकरावांना दोन्हींचा नाद लागला.

कोंडीबानं धीर करून विचारलं, "मालक, सप्त्याचं सात दिवस मला सोडा. एकदा शेवटपत्तूर बसायचं हाय."

"शर्यत मार की," वाल्मीकराव म्हणाले. "दोन्हींतली एक जरी मारलीस, तर सप्ता तुझा. न्हाई तर सात दिवस लाकडाच्या फेऱ्या. मग म्हणू नकोस, सांगितलं न्हाई."

मालकांनी टायरचे दोन जोड आणले होते. एक लष्कराच्या जुन्या सामानातला, बोटभर खोल खाचांचा. चिखलात घट्ट रोवायचा, पण मुरमावर वेगात गाडी हुंदडायची. दुसरा बारीक रेघांचा. मुरमावर शांत, खाचरात मात्र शेवाळावरच्या पायासारखा. आणि नियम असा, की सकाळी जी चाकं तीच दुपारी. मध्ये बदल नाही.

कोंडीबानं दोन्ही जोड आलटून पालटून चढवून बघितले. शेवटी कंबर धरून खाली बसला आणि म्हणाला, "ह्यातला कुठलाच नको. जीपवर हायेत तेच ऱ्हाऊ द्या. निम्मे झिजल्यात, पन दोन्हीकडं माझं ऐकत्यात."

"मग हे नवं काय पुजायला आणलं?" मालक भडकले. "तू दमलायस म्हणून चाकंबी दमलेली लावतोस व्हय?"

"दमलेल्याला दमलेलंच कळतं, मालक."

मालक पुटपुटत राहिले, पण जुनेच टायर राहिले. शर्यतीच्या आदल्या दिवशी जीप माळाच्या कडेला नेऊन उभी केली. तिच्याशेजारी घोंगडं टाकून कोंडीबा दिवस मावळायच्या आतच निजला. त्याची बायको सखू भाकरी घेऊन आली, तर तो उठेचना. ती भाकरी उशाशी ठेवून निघून गेली.

सकाळी शिट्टी झाली. कोंडीबानं जीप जोरात काढली. पहिल्याच वळणाला मागची चाकं अशी घसरली की त्याला वाटलं, कुणीतरी खालून जमीनच ओढून घेतली. जीप फिरली, बांधावर आदळली आणि पुढचं चाक वाकडं होऊन बसलं. सकाळची शर्यत गेली. दुपारचीही गेलीच, कारण आता गाडी ढकलतच न्यायची होती.

वाल्मीकराव धापा टाकत आले. "जुनं लाव म्हणालास ना? घे!" टायरवर त्यांनी रागानं थाप मारली आणि हात मागे घेतला. तळवा पिवळा झाला होता. त्यांनी तो नाकाशी नेला. "हळद. आन् तूप. कुणी केलं हे?"

कोंडीबाही बघत राहिला. तेवढ्यात गर्दीतून सखू पुढं आली. डोळ्यांत पाणी होतं, पण मान खाली नव्हती.

"मी केलं. काल ह्यांचं खांदं बघितलं, सुजल्यालं. म्हनलं, बैलाला पोळ्याच्या आदल्या दिशी आपन तूप-हळदीनं खांदं मळतो, त्याला आराम पडतो. ह्यांचा बैल म्हंजी ही जीपच की. म्हनून रातच्याला परत येऊन चाकं मळली. बोटं दुखंस्तवर मळली."

"अगं बये," कोंडीबा कळवळला, "रबराला तूप? त्याला घसरायलाच शिकवलंस."

जमलेले लोक हसू लागले. "वहिनी, शिंगं रंगवायची ऱ्हायली!" कुणीतरी ओरडलं. वाल्मीकराव मात्र हसले नाहीत. घरी त्यांची खिलारी जोडी होती, आणि तिच्या बाबतीत ते देवाहून जास्त सोवळे होते.

"सखू, मला सांगायचं तरी," ते म्हणाले.

"सांगाय पायजे व्हतं, चुकलं," सखू म्हणाली. "पन मालक, खांदं मळल्यावर दुसऱ्या दिशी बैलाच्या मानंवर जू ठेवत्यात का? तुमच्या वाडवडलांनी ठेवलं कधी? ह्या मानसाला तर तुमी बारा म्हैने ठेवताय."

वाल्मीकरावांनी कोंडीबाकडे पाहिलं. तो बांधाला टेकून बसला होता, दोन्ही हात मांडीवर उताणे, जणू कुणी काढून ठेवलेले. मालकांनी बराच वेळ पिवळा तळवा धोतराला पुसला.

"चाक सरळ व्हायला आठवडा जाईल," ते जरा खाकरून म्हणाले. "तवर जीप काय उपयोगाची? जा. बस तुझ्या बुवापाशी. लाकडं बैलगाडीनं जातील."

सप्त्याच्या पहिल्या संध्याकाळी कोंडीबा अंघोळ करून, बुक्का लावून मांडवात अगदी पुढं बसला. विणा लागला, टाळ जुळले. बुवांनी अभंग उचलला आणि कोंडीबानं डोळे मिटून हात जोडले. जोडलेले हात हळूहळू खाली आले, मान शेजारच्या टाळकऱ्याच्या खांद्यावर टेकली. टाळकऱ्यानं खांदा हलवला नाही. एका हातानंच जमेल तसा ताल धरला.

आरतीला सखूनं त्याला हलवलं. "अवं, उठा. बुवांनी काय सांगितलं?"

कोंडीबानं डोळे चोळले आणि मांडवभर नजर फिरवली. बाहेरून हाक मारायला कुणी आलेलं नव्हतं.

"न्हाई कळलं," तो म्हणाला. "उद्या ऐकतो."