पट्टा शोभेला, हात दाबायला

मैदानावर ही गर्दी! झाडून सगळे प्रशिक्षक एका बाबाभोवती. बाबा म्हणजे दाढी-जटांचा नव्हे हो, ट्रॅकसूटमधला. स्वतःला ऊर्जागुरू म्हणवून घेणारा.

"पाय जुळवा, हात आडवा धरा," म्हणत त्याने कुस्तीच्या दणकट प्रशिक्षकाचा हात दोन बोटांनी दाबला. गडी कलंडला! मग मनगटावर रबरी पट्टा चढवून पुन्हा दाबला. गडी खांबासारखा उभा.

"कंपनं जुळली! वैश्विक लहरी थेट हाडांत!" गुरू गरजला.

माझा दादाही टाळ्या पिटत होता. दादा धावण्याचा प्रशिक्षक, मी फिजिओथेरपिस्ट. त्याच्या लेकीच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या नडगीच्या हाडाला बारीक चीर गेलेली. तरी तिच्या पायात पट्टा अडकवून हा म्हणतो, "पळ आता. निवड चाचणी हातची घालवू नकोस."

"दादा, या पट्ट्यांवरचं संशोधन मी आपल्या प्रशिक्षकांच्या ग्रुपवर टाकलं होतं. सोप्या मराठीत!"

"मी अंगठा दिला की त्याला!"

"वाचलंस?"

"अगं, अंगठा दिला ना!"

कपाळ माझं! सगळा ग्रुप शिकलेला आणि सगळे अंगठेबहाद्दर. माझं डोकंच फिरलं. भाचीच्या हातात फोन देऊन म्हटलं, "व्हिडिओ काढ."

"गुरुजी, आता तुम्ही उभे राहा. दोन्ही मनगटांत पट्टे घाला."

तो कां-कू करू लागला, पण गर्दीच ओरडली, "दाखवा, दाखवा!" मी त्याचा हात मनगटापाशी धरून खाली आणि जरा बाहेर दाबला. ऊर्जागुरू धाडकन आडवे!

"लहरी रजेवर गेल्या वाटतं," कुणीतरी म्हणालं.

मग कुस्तीवाल्याचा पट्टा काढून त्याचा हात कोपरापाशी, अंगाच्या दिशेने दाबला. गडी तसूभर हलेना.

"बाहेर दाबलं की तोल जातो, आत दाबलं की भार पायांवर येतो. एवढीच विद्या!"

"श्रद्धा हवी!" कपडे झटकत गुरू खेकसला.

"हाडाला श्रद्धा कळत नाही, भार कळतो."

भाची रडू लागली. "आत्या, म्हणजे माझी चाचणी गेली?"

"गेली बाळा. पाय वाचला." मलाही फार वाईट वाटलं. दादाने खाली बसून तिच्या बुटांच्या नाड्या सोडल्या.

व्हिडिओ लगेच ग्रुपवर टाकला. एकाने लिहिलं, "मॅडम, ग्रुपवर वाद नकोत."

मी लिहिलं, "वाद होणारच! पोरांची हाडं आपल्या हवाली आहेत. आधी वाचा, मग विचारा. आणि चमत्कार दाखवायला कुणी आला, तर नमस्कार करू नका. म्हणा, पुन्हा करून दाखव, पण आता हात मी दाबणार."