मनुबाईचं जुनं वगैरे

कल्याणला आनंद मिस्त्रीच्या दुकानात मनुबाई स्वतःच्याच पाण्याच्या मोटारीवर मांडी ठोकून बसली आणि उठेना. मी माझा पंखा घेऊन तिथंच उभा होतो. गावात मला थापाड्या म्हणतात, पण या गोष्टीत मी पदरचं मीठ चिमूटभरच घातलंय.

त्या चैत्रात आमच्या खडवलीला असं ऊन पडलेलं, की नदीतले मासे दुपारचे वर येऊन करंजाच्या सावलीला बसायचे. त्यातच मनुबाईची मोटार जळली. अर्धा एकर भेंडी, नुकती फुलावर आलेली, चार दिवस पाण्यावाचून माना टाकून उभी. आणखी दोन दिवस गेले असते तर चुलीत घालायचीच. नवरा गुणाजी म्हणजे गरीब गाय. मिस्त्री बोलेल तेवढं मोजून, मोटार टेंपोत टाकून निघायला तो तयार होता.

मिस्त्रीनं चिठ्ठी दिलेली : मोटार दुरुस्ती, नऊशे. मनुबाई म्हणाली, कोलंबीचा वाटा घेताना पण मी शेपट्या मोजते, कशाकशाचे नऊशे ते लिहून दे. मिस्त्रीनं पुटपुटत लिहिलं. तांब्याची तार, बेअरिंग, मजुरी. आणि खाली, आयत्या बिळात नागोबा बसावा तसं आयत्या बिलात वेटोळं घालून बसलेलं : वगैरे, तीनशे ऐंशी.

डोंबिवलीच्या शुभदाबाई मिक्सर घेऊन आलेल्या. मनुबाईनं चिठ्ठी त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतली, मग मिस्त्रीकडं वळली.

"जलली तार दे. जुनं बेअरिंग दे. आनि माजं जुनं वगैरं पन दे. तीनशे आयशीची चीज हाय, भंगारात तरी इकीन."

मिस्त्री हसला. दुकानातलं कुणीच हसलं नाही, तेव्हा थांबला. वगैरे अशी वस्तू नसते म्हणावं, तर पैसे कशाचे? शेवटी पीडा टळावी म्हणून त्यानं भंगाराच्या डब्यातून एक तेलकट कडी काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

"हे घ्या मावशी, तुमचं वगैरे. आता उठा, धंद्याचा टाइम आहे."

तिथंच तो मेला.

"बरं झालं. आता नवं कुठं बसवलंस ता दाखव. खोल मोटार."

तेवढ्यात शुभदाबाईंनी पर्समधून आपलं मागचं बिल काढलं. त्या म्हणाल्या, माझ्याही मिक्सरचं वगैरे तुम्ही बदललंय, जुनं मला परत द्या. एक गिरणीवाला म्हणाला, माझं तर वर्षात दोनदा बदललं. दुपारपर्यंत कसाऱ्यापासून दिव्यापर्यंतची माणसं आपापलं वगैरे मागायला रांगेत उभी. जास्त वाटत असेल तर टिटवाळ्यापासून धरा.

मोटार खोलावी लागली. आत वगैरे नव्हतंच, पण बेअरिंगही जुनंच निघालं, तेल पुसून नवरीसारखं चमकवलेलं. शुभदाबाईंनी शांतपणे सांगितलं, "ठाण्याला ग्राहक मंचात तक्रार करता येते, मिस्त्री. वकीलसुद्धा लागत नाही. ही चिठ्ठी पुरते, तुमच्याच अक्षरातली."

मिस्त्रीनं सगळ्यांदेखत नवं बेअरिंग बसवलं आणि वगैरेवर अशी काट मारली की कागद फाटला. नवं बिल लिहून खाली सही केली. मनुबाईनं पाचशे वीस मोजले आणि ती कडीही पिशवीत टाकली. त्यानंच तोंडानं तिची म्हटलेली, सोडायची कशाला?

दिवस कलायच्या आत पाणी भेंडीत शिरलं. पहिली सरी भरली, दुसरी भरली. गुणाजी फावड्यावर हनुवटी टेकून उभा राहिला. मग हळूच त्यानं विचारलं, "मने, वगैरं म्हंजे काय ता तुला खरंच ठावं नव्हतं?"

मनुबाईनं पायानंच तिसऱ्या सरीचा बांध फोडला.

"ठावं नसतं, त इकत नसतं घेतलं?"