पिशवीच्या मापाचा फोन

मी पिशवी बोलतेय. फोनची पिशवी. फोन बोलला की अख्खं घर कान टवकारतं, पण तो दिवसभर जिच्या पोटात लोळत असतो तिला काय वाटतं, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. म्हटलं, वाट बघण्यात अर्थ नाही, आपणच बोलावं.

माझा जन्म वडगावातल्या मल्लाप्पांच्या हातमागावरचा. त्या मागावर विणलेली ती शेवटची साडी. ती उतरली आणि मागाची लाकडंही उतरली. त्या जागी यंत्रमाग येऊन बसला. साडी निपाणीच्या व्यापाऱ्याकडे गेली, पण ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, शेवटाला दोन विती कापड उरलं. मोरपंखी अंग, मरून काठ आणि काठावर कळसांची रांग. मल्लाप्पांना ते टाकवेना आणि त्याचं काय करावं हेही सुचेना. नुसतेच हातात धरून बसले. शेवटी त्यांच्या बायकोनं, दुर्गाबाईंनी, ते हातातून काढून घेतलं, शिलाई मशीनवर बसल्या आणि चहा उकळेपर्यंत माझी पिशवी झाली. हातमागाचीच एक दोरी मला लावली.

"घ्या," त्या म्हणाल्या. "तुमचा माग आता गळ्यात घालून फिरा."

तेव्हा माझ्या काठावर पाच कळस होते. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आता फोनला पिशवी कशाला, असं शहरातली माणसं विचारतील. त्यांनी एकदा यंत्रमाग चालू असताना आत उभं राहून दाखवावं. त्या खडखडाटात शेजारी ढोल वाजला तरी कळत नाही, तिथे फोनच्या रिंगची काय कथा! मल्लाप्पा बनियनवर काम करतात आणि बनियनला खिसा नसतो. म्हणून फोन माझ्यात आणि मी त्यांच्या छातीवर. फोन थरथरला की छातीला कळतं, हात आपोआप तिथे जातो, माग थांबतो आणि मल्लाप्पा बाहेर जाऊन "हां, बोला!" म्हणून ओरडतात. कान बिचारे नावाला.

या सवयीनं एकदा मोठा घोटाळा केला. शेजारच्या मागावर यल्लाप्पा नवीनच कामाला आला होता. मल्लाप्पांनी छातीवर हात दाबला, डोळे बारीक केले, हे त्यानं बघितलं आणि काही न विचारता त्यांना उचलून स्कूटरवर घातलं. मल्लाप्पा वाटेत सांगत होते, "आरं, फोन हाय रं!" यल्लाप्पा म्हणत होता, "बोलू नका अण्णा, दम लागंल!" दवाखान्यात नर्सबाईंनी छातीला हात लावला तर आत विमावाला तिसऱ्यांदा फोन करत होता. त्या दिवसापासून मल्लाप्पांनी छातीवर हात ठेवला की यल्लाप्पा हसत सुटायचा, "घ्या, घ्या! विमावाला आला!"

पहिला फोन होता बटणांचा. साबणाच्या वडीएवढा, गरीब स्वभावाचा. माझ्यात तो असा राहायचा की मला जड नाही आणि त्याला अडचण नाही. असंच चाललं असतं तर मी आज ही कहाणी सांगायला बसलेच नसते.

पण मल्लाप्पांचा मुलगा सिद्धेश उद्यमबागेतल्या कारखान्यात लागला. तो दर दसऱ्याला नवा फोन घेऊ लागला आणि त्याचा जुना आप्पांच्या गळ्यात येऊ लागला. घरात पाणी वरच्या टाकीतून खाली येतं तसे फोन येत. खाली मी.

पहिला आला तो लांब. दुर्गाबाईंनी माझी शिवण उसवून बाजूला ब्लाउजपीसचं ठिगळ घातलं. मग मल्लाप्पांना मागावरच्या साडीचा फोटो व्यापाऱ्याला पाठवायचा असे. फोन बाहेर काढला तर हाताचं तेल लागणार, कापसाची धूळ बसणार. म्हणून कॅमेऱ्यापुरतं माझ्या पाठीला भोक पाडलं, डाव्या कोपऱ्यात. पहिला कळस गेला. कात्री फिरताना मी दात आवळून धरले, म्हणजे असते तर धरले असते.

पुढच्या दसऱ्याला आलेल्या फोनचा कॅमेरा मधोमध. डावं भोक सिद्धेशच्या जुन्या पँटच्या तुकड्यानं बुजवलं, मधलं पाडलं. दुसरा कळस गेला. त्याच्या पुढच्याला दोन कॅमेरे, एकाखाली एक. तिसरा गेला. मग कंपनीला काय साक्षात्कार झाला कोण जाणे, कॅमेरा परत डाव्या कोपऱ्यात, पण आता चुलीएवढा चौकोन. बुजवलेलं भोक उसवलं आणि शेजारचा चौथा कळसही त्यात गेला.

दर वेळी सिद्धेश कौतुकानं सांगायचा, "आप्पा, डिझाईन पूर्ण नवं हाय. कडा बघा, सपाट." आदल्या वर्षी कडा गोल होत्या. त्याच्या आदल्या वर्षी सपाट. मी सगळ्यांना पोटात घेतलेलं आहे, मला कुणी शिकवू नये. नाचता नाचता माणूस जिथून निघाला तिथेच परत येतो, आणि त्याला हे लोक पुढे जाणं म्हणतात. बरं, त्यात बोलणारी माणसं तीच. व्यापारी तोच, "रंग जरा फिका वाटतोय" हे त्याचं वाक्यही तेच.

खंडेनवमीला आमच्याकडे माग बंद असतात. माग, धोटा, कात्री, स्कूटर, फोन, ज्याच्यावर घर चालतं त्या सगळ्याला हळदीकुंकू. दुर्गाबाई फोनला कुंकू लावत ते नेमकं कॅमेऱ्यावर. मग पंधरा दिवस सगळ्या साड्यांचे फोटो लालभडक जात आणि व्यापारी खूश होऊन तोच लाल मागत बसे. कात्रीला कुंकू लागलं की मी मात्र मनातल्या मनात तिचे पाय धरायची.

गेल्या दसऱ्याला सिद्धेशनं जो जुना फोन आप्पांपुढे ठेवला, तो बघून माझा धागा न् धागा ताठ झाला. ताटाएवढी पाठ आणि तिच्यावर मधोमध या कडेपासून त्या कडेपर्यंत गोल कॅमेरा. दुर्गाबाईंनी कात्री घेतली, मला मांडीवर उलटं घातलं आणि थांबल्या. उजव्या टोकाला एकच कळस उरला होता. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"न्हाय कापणार," त्या म्हणाल्या.

"आई, पिशवी दुसरी शिव की," सिद्धेश म्हणाला. "कापडाला काय तोटा हाय आपल्यात?"

"हातमागाचं कापड कुठनं आणू? तुझ्या आप्पांच्या हाताचं येवढंच ऱ्हायलंय घरात. पिशवी बदलायची न्हाय. फोन बदलायचा."

आणि सुनेला, सौम्याला, म्हणाल्या, "स्कूटर काढ गं."

आता बघा, साडीला ब्लाउज जुळवायचा तर बाई साडी घेऊन दुकानात जाते. दुर्गाबाईंचा जन्म या हिशेबात गेलेला. तशाच त्या मला घेऊन खडेबाजारातल्या मोबाईलच्या दुकानात शिरल्या, मला काउंटरवर सरळ करून ठेवलं आणि म्हणाल्या, "हिच्या मापाचा फोन दाखवा."

दुकानदार आदर्श आधी हसला, मग सौम्याचा चेहरा बघून त्यानं हसू आवरलं. "इल्लरी, न्हाय आक्का," तो म्हणाला, "फोनच्या मापाची पिशवी घेत्यात. पिशवीच्या मापाचा फोन कुठं मिळतोय?"

"का? येवढी कपाटं भरल्यात की."

त्यानं एकेक फोन आणला. एक माझ्यात अडकला, एक निम्मा बाहेर राहिला, एकाचा कॅमेरा ठिगळाखाली गेला. भिंतीवर शेकडो कव्हरं लटकत होती, त्यांच्या मापाचे फोन आता निघतच नव्हते. नवरदेव न आलेल्या मांडवात नवऱ्या उभ्या असाव्यात तशी ती दिसत होती. मला भडभडून आलं.

दुकानात तोवर गर्दी जमली. फोनची काच बदलायला उचगावचे जोतिबा पाटील आले होते, ते म्हणाले, "आम्ही बेंदराला बैलाची शिंगं दरसाल रंगवतो. बैल न्हाय बदलत." एक बाई म्हणाली, लग्नात घेतलेला फोन बारशापर्यंत तरी जुना होऊ नये. कुणी म्हणालं, कंपनीनं निवडणुकीसारखं पाच वर्षांनी एकदा यावं. त्यावर दुसरा म्हणाला, मग निवडून आल्यावर तोंड दाखवणार नाहीत. फोनच्या कंपनीनं डिझाईन किती वर्षांनी बदलावं यावर तिथे असा वाद पेटला की आदर्शनं चहा मागवला.

"पर दरसाल बदललं न्हाय तर माझी कव्हरं कोण घेणार?" तो कळवळून म्हणाला.

"बदला की," दुर्गाबाई म्हणाल्या. "आमी बी पदर दर हंगामाला नवा काढतो. पर साडीची लांबी तीच, काठ जिथल्या तिथं. निऱ्या खोवायची जागाच बदलली तर बाईनं भर रस्त्यात काय करायचं?"

तेवढ्यात चहा आला. आदर्श उठला, माळ्यावरच्या खोक्यात हात घातला आणि एक फोन काढून माझ्यात सरकवला. काय सांगू! जणू माझं माप घेऊनच केला होता. कॅमेरा बरोबर भोकात, कळस जागेवर.

"हाच द्या," दुर्गाबाई म्हणाल्या.

"आक्का, ह्यो चालत न्हाय. काचेत मांडायला कंपनी देती तसला डमी हाय. नुसता खोका, आत काय न्हाय."

दुर्गाबाईंनी मला हातावर तोलून बघितलं. "असू दे," म्हणाल्या. "हिचा आकार तरी ऱ्हाईल."

सौम्यानं कपाळाला हात लावला.

घरी तोड निघाली ती अशी. खरा, ताटाएवढा फोन सौम्याकडे राहणार. तो वाजला की तिनं मागाजवळ येऊन हातानं खूण करायची. आणि मल्लाप्पांच्या गळ्यात मी, माझ्या पोटात खोका. त्यांनी दोन दिवस माझ्याशिवाय काम करून बघितलं होतं. "छाती मोकळी मोकळी वाटतीया," म्हणाले, "धागं तुटाय लागल्यात." मला घातल्यावर धागे तुटायचे थांबले. माणसाचं असं असतं. वजन हवं असतं, आत काय आहे हे फार कुणी विचारत नाही.

तो खोका मात्र गुणी निघाला. तापत नाही, चार्जिंगला बसत नाही, विमावाला त्याच्या वाटेला जात नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला झोप लागली.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळची वेळ, दोन्ही माग चालू. दुर्गाबाई कोपऱ्यात धाग्याच्या कांड्या भरत बसल्या होत्या. मल्लाप्पांचा हात छातीवर आला. माझ्यावर. मला वाटलं, सवयीनं आला असेल. पण तो हात मला नुसता धरत नव्हता, चुरगाळत होता. माझा कळस त्यांच्या मुठीत होता आणि मूठ घामानं भिजली होती. मी ओरडले. पिशवीचं ओरडणं कोण ऐकणार, आणि तेही यंत्रमागात!

यल्लाप्पानं बघितलं आणि नेहमीसारखा हसत ओरडला, "घ्या की अण्णा! विमावाला आला! खुळ्यागत धरून काय उभारलाय?"

दुर्गाबाईंनी मान वर केली. त्यांनाही आधी हसू आलं. मग हातातली कांडी टाकून त्या यल्लाप्पाच्या कानाशी धावल्या.

"येल्लाप्पा!" त्या किंचाळल्या. "आरं, त्यात फोन न्हाय! खोका हाय त्यो! खोका वाजत न्हाय, तर मग ह्ये काय धरलंय त्यांनी?"

यल्लाप्पाचं हसू तोंडातच राहिलं. त्यानं पुन्हा एकदा, काही न विचारता, मल्लाप्पांना उचलून स्कूटरवर घातलं. या वेळी मल्लाप्पा वाटेत काही बोलले नाहीत. मी त्यांच्या आणि यल्लाप्पाच्या पाठीच्या मधे दाबली गेले होते आणि मागे बसलेल्या दुर्गाबाईंचा हात माझ्यावर होता. फोन थरथरतोय का हे बघावं, तसा तो हात माझ्यावरून त्यांची छाती चाचपत होता.

दवाखान्यात नर्सबाई कात्री घेऊन आल्या. बनियन कापलं आणि माझ्या दोरीकडे वळल्या.

"बनेल फाडा," दुर्गाबाई म्हणाल्या, "पिशवीला कात्री लावू नका." आणि मला डोक्यावरून अलगद काढून घेतलं.

नंतर डॉक्टर बाहेर आले. वेळेवर आणलंत, म्हणाले. अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. मुलाला कळवायला नंबर मिळेल म्हणून त्यांनी माझ्यातला फोन काढला आणि बटण दाबत राहिले. "बॅटरी संपलीय का?"

"बॅटरी न्हाय डॉक्टर," दुर्गाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "त्याला आतडंच न्हाय. पर त्यानंच वाचवलं बघा."

डॉक्टरांनी यल्लाप्पाकडे बघितलं. यल्लाप्पानं गंभीरपणे मान हलवली.

आज मल्लाप्पा बरे आहेत. माग चालवतात, पण जरा बेतानं. यंदा सिद्धेशनं दसऱ्याला नवा फोन आणला नाही. "आहे त्यो चालतोय की," म्हणाला, जणू ही कल्पना त्यालाच सुचली. परवाच्या खंडेनवमीला धोट्याशेजारी, कात्रीशेजारी तो खोकाही मांडला होता. दुर्गाबाईंनी त्याला कुंकू लावलं, कॅमेऱ्यावरच, आणि वर फूल ठेवून हात जोडले. माझ्यात आता खोक्याच्या मागे, छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची एक पट्टी असते. गेल्या महिन्यात त्या पट्टीचंही डिझाईन बदललं. थोडी लांब झालीय. दुर्गाबाईंनी ती मधे दुमडली आणि आत सरकवली, माझ्याकडे न बघता.

फोन करणाऱ्या बाबांनो, डिझाईन किती वर्षांनी बदलावं हे मी कोण सांगणार? मी कापड. साडी विरेपर्यंत नवी घेऊ नये एवढंच आमच्या घरात शिकले. रंग बदला, नाव बदला, पदर हवा तसा काढा. पण माणसाचा हात न बघता जिथे जातो, ती जागा हलवू नका. आणि हलवायचीच असेल, तर एकदा वडगावात या. मी मल्लाप्पांच्या छातीवरच असते. माझ्या काठावर एक कळस उरलाय. तो तुमच्या हातानं कापा. दुर्गाबाईंच्या हातून तो आता कापला जाणार नाही.